कसर (घरातील कीटक)

कसर : कागद, खळ, सुती कापड आणि पिठाचे कण खाऊन घरात राहणारा, रुपेरी खवल्यांचा, बिनपंखी कीटक. गण झायजेंटोमा, कुल लेपिस्माटिडी. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा गण थायसान्यूरा या नावाने सापडतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये यातल्या एका जातीला लेपिस्मा सॅकरिनम असे नाव दिले. त्यातला दुसरा शब्द साखरेवरून आला आहे, आणि पिष्ट व साखर यांची या किड्याला असलेली ओढ पाहता तो चपखल बसतो. त्याआधी १६६५ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी कसर सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिचे चित्र आणि वर्णन प्रसिद्ध केले होते.

बोलण्यात ‘कसर लागली’ हे कोणत्याही कुरतडलेल्या कापडाला किंवा पुस्तकाला म्हटले जाते, मग ते काम पतंगाच्या अळीचे असो की भुंगेऱ्याचे. अंगात कणकण असली तरी कसर आणि हिशेबात तूट आली तरी कसरच. या नोंदीत कसर म्हणजे फक्त रुपेरी खवल्यांचा किडा. कोकणात तो बारमाही आहे, पण त्याचा खरा हंगाम मृगापासून दिवाळीपर्यंत.

ओळख. पूर्ण वाढलेली कसर एक ते दोन सेंटिमीटर लांब असते. अंग डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळते, पुढे दोन लांब मिशा, मागे तीन शेपट्या. दिवा लावताच ती थबकते आणि लगेच पाण्यातल्या मासळीसारखी डावी-उजवीकडे वळत फटीत शिरते. चिरडली तर पेडवे (लहान मासळी) साफ करताना बोटांना चिकटते तशी चंदेरी भुकटी उरते. ही खवले म्हणजे तिचा बचावही आहे: कोळ्याच्या जाळ्यात अडकली तर खवले जाळ्यात सोडून अंग सोडवून घेते. गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र तिला चढता येत नाही. सकाळी बेसिनमध्ये किंवा बादलीत सापडणारी कसर नळातून आलेली नसते. रात्री पाण्याच्या शोधात ती आत घसरते आणि अडकून राहते.

कसर दिसण्याआधी तिच्या खुणा दिसतात. वाळवी मातीचे नळ करत येते आणि आतून पोखरते. भुंगेऱ्याची अळी पुस्तकात गोल, आरपार भोके पाडते. भिंतीवर भोपळ्याच्या बीच्या आकाराचे राखाडी चपटे कोष लटकत असतील तर ते पतंगाच्या अळीचे घर. टाचणीच्या टोकाएवढे फिकट किडे जुन्या वहीत धावताना दिसले तर ती पुस्तकातली ऊ. कसर यांपैकी काहीच करत नाही. ती वरून खरवडत जाते. कागदाची तुकतुकी आधी जाते, मग तो जागोजाग इतका पातळ होतो की उजेडासमोर धरला तर नकाशासारखे डाग दिसतात, आणि शेवटी वेड्यावाकड्या कडांची भोके पडतात. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर, पाठीवरच्या खळीवर आणि नाव लिहिलेल्या चिकटपट्टीवर तिचा पहिला हल्ला असतो. आजूबाजूला मिऱ्याच्या पुडीसारखी विष्ठा, पिवळट डाग आणि टाकलेल्या काती सापडतात.

कागदातला सेल्युलोज पचवण्यासाठी अनेक वाळव्यांना आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची मदत लागते. कसरीच्या काही जाती लागणारे विकर (एन्झाइम) स्वतःच तयार करतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. तरीही तिची आवड पिष्टाची: खळ घातलेले सुती कापड, वॉलपेपरमागचा डिंक, तांदळाच्या पिठाच्या डब्याखाली सांडलेली चिमूट. जुन्या छायाचित्रांवरचा जिलेटिनचा थर तर मेजवानीच. अन्नाशिवाय ती कित्येक महिने तग धरते, पण ओलाव्याशिवाय नाही. या एका गोष्टीवर पुढचे सगळे उपाय उभे आहेत.

वाढ. मादी फटीत, कपाटाच्या सांध्यात किंवा पुस्तकांच्या मागे थोडी थोडी अंडी घालते. उष्णता आणि ओल यांनुसार ती दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांत फुटतात. पिल्लू आकार सोडला तर आईसारखेच असते, फक्त पांढुरके. अळी नाही, कोष नाही. इतर बहुतेक कीटक प्रौढ झाल्यावर कात टाकणे थांबवतात, कसर मरेपर्यंत टाकत राहते. आयुष्य दोन वर्षांपासून पुढे, अनुकूल जागी सात-आठ वर्षांपर्यंत. म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेतली एखादी कसर धाकट्या नातवाहून मोठी असू शकते. ती चावत नाही आणि रोगही पसरवत नाही. खवले आणि विष्ठेच्या धुळीने काहींना शिंका किंवा दम्याचा त्रास होतो, तेवढेच.

कोकणातील घर आणि कसर. लेपिस्मा सॅकरिनमला २२ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या घरात नेमके हेच हवामान आयते असते. (बेकरीच्या भट्टीजवळ सापडणारी थर्मोबिया डोमेस्टिका ही जात मात्र ३२ अंशांहून अधिक उष्णता पसंत करते.) जांभा दगड सच्छिद्र असल्याने गिलावा नसलेली त्याच्या चिऱ्यांची भिंत पाणी ओढते आणि भाद्रपदापर्यंत सोडत नाही. पडवीला माडाच्या चुडतांची झापे बांधली की झड आत येत नाही, पण वाराही येत नाही. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावरून कौलांतून बाहेर जायचा. त्याने वासे काळे पडत, पण माळा कोरडा राही. गॅस आला, धूर गेला आणि माळ्यावर कोंदट ओल राहिली. याबद्दल कोणाला हळहळ वाटण्याचे कारण नाही, धुराने डोळे गेलेल्या बायकांना तर नाहीच, पण कसरीच्या दृष्टीने हा बदल मोठा होता.

सर्वांत जास्त कसर बंद घरांत. शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परततात आणि गणपतीच्या चार दिवस आधी कुलूप उघडते. तोवर घराने अख्खा पावसाळा एकट्याने काढलेला असतो. भिंतीवरची गेल्या वर्षीची दिनदर्शिका उचलली की तिच्यामागून दोन-तीन कसरी सुळकन खाली उतरतात. संदुकीत घडी घातलेल्या नऊवारीच्या घडीवरच बारीक चाळण झालेली असते, कारण आजीने ती खळ घालून ठेवली होती. सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांची सुरळी उलगडावी तर कडा झालरीसारख्या. आणि ओटीवरच्या पूर्वजांच्या तसबिरीत काचेच्या आतून ओरखडे. आंब्याचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके पुढच्या हंगामासाठी माळ्यावर रचलेले असतील तर वस्ती बहुधा तिथूनच पसरते. शहरातल्या फ्लॅटमध्ये हीच भूमिका प्लायवूडच्या कपाटाची भिंतीकडची बाजू आणि घर बदलताना न उघडलेले पुस्तकांचे खोके बजावतात.

हा सगळा नाश अटळ असतो असे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे, याच हवेतले. हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकाला कसर सहसा लागत नाही. ती मागच्या रांगेतल्या, भिंतीला टेकलेल्या, कोणी न मागणाऱ्या पुस्तकांकडे जाते.

पारंपरिक उपाय. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत. त्यात पोथीच वाचकाला विनवते की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जपा. कसरीचे नाव त्यात नाही, पण पाणी आणि सैल बांधणी या तिच्याच दोन वाटा आहेत. पोथी दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून बासनात बांधली की फट उरत नसे. बांधणीच्या खळीत मोरचूद घालत, ते किड्यांना विषारी. वेखंडाच्या कांड्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला यांच्या वासाने कसर काहीशी दूर राहते, मात्र वास उडाला की उपाय संपला, तेव्हा दर वर्षी बदलावे लागते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामांत कौले चाळणे आणि कपडे-अंथरुणाला वैशाखाचे ऊन देणे ही दोन्ही कामे असत. कपड्याला ऊन, पुस्तकाला मात्र सावलीतला वारा. कडक उन्हात कागद पिवळा पडतो आणि बांधणी तडकते.

नियंत्रण. फवारा मारून सुरुवात करणे ही नेहमीची चूक. फवाऱ्याने समोर आलेल्या कसरी मरतात, फटीतली अंडी राहतात आणि ओल होती तिथेच असते. आधी गळके कौल, पाझरणारा नळ, तुंबलेले पन्हाळ बघावे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आली तर कसरीची वाढ खुंटते. कोकणात जुलैमध्ये यंत्राशिवाय हे होत नाही, म्हणून अख्खी खोली कोरडी करण्याच्या नादी न लागता एक घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा कोरडा ठेवावा: आत कागदपत्रे, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि दोन्ही उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी भरलेली. आधीच ओल धरलेले कागद डब्यात कोंडले तर बुरशी येते.

वस्ती किती आहे हे काचेच्या बरणीने कळते. बरणीला बाहेरून खडबडीत कागदी पट्टी गुंडाळावी, तळाशी चमचाभर तांदळाचे पीठ किंवा पोह्यांचा चुरा टाकावा आणि रात्री कपाटाखाली ठेवावी. कसर कागदावरून चढते, आत पडते आणि काचेवरून बाहेर येऊ शकत नाही. रोज मोजत गेले की कोणत्या खोलीत जोर आहे ते समजते.

कसर लागलेली पुस्तके वाचवायला गोठवणे चांगले. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर गारव्याने कागदावर दव धरते. साध्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड होईलच असे नाही. कोकणात डीप फ्रीझर सहज मिळतो तो मासळीवाल्याकडे. पिशव्या दोन घातल्या तर बांगड्याचा वास येत नाही, पण पोथी तिथे ठेवायला घरातली वडीलधारी मंडळी राजी होतील ही आशा धरू नये.

फटींत आणि कपाटामागे बोरिक पावडरीचा पातळ थर टिकाऊ काम करतो. कॅरमच्या पटावर टाकायची पावडर वापरायची असेल तर डब्यावर बोरिक लिहिलेले आहे याची खात्री करावी. पिष्टाची असेल तर ती कसरीचा खाऊ ठरेल. रांगती मुले, मांजर-कुत्री आणि अन्न यांच्यापासून ती दूर हवी. डांबरगोळ्यांचा उपयोग बंद पेटीपुरताच. तान्ह्या मुलांच्या दुपट्यांत त्या कधीच ठेवू नयेत, रक्तात जी-६-पी-डी विकराची कमतरता असलेल्या बाळांना त्या घातक ठरतात. कापूर आणि डांबरगोळी एकत्र ठेवली तर उकाड्यात दोन्ही पाझरतात आणि रेशमावर डाग पडतात. पाली आणि कोळी कसर खातात, तेव्हा माळ्यावरच्या पालीला हाकलण्याची घाई नको.

गौरी-गणपतीनंतर घर पुन्हा बंद करताना सुती लुगडी खळ धुऊन, कोरडी करून ठेवावीत, गाद्या भिंतीला न टेकवता उभ्या कराव्यात, तसबिरींच्या मागे बुचाचे तुकडे लावावेत म्हणजे भिंत आणि चौकट यांत वारा खेळतो. किल्ली शेजारी देऊन जावी. पाऊस उघडला की कोणीतरी दोन तास दारे-खिडक्या उघडेल.