केसाळ मुळांचे कल्चर करायचे आहे? गोव्यात आधी कोणते कागद लागतात

चित्रकाचे औषध मुळात असते. मूळ उपटले की झाड गेले. सर्पगंधाचेही तेच. म्हणून झाडाला हात न लावता फ्लास्कमध्ये नुसती मुळेच वाढवायची, हे ऐकले की विद्यार्थी खूश होतात आणि लहान उद्योजकांचे कान टवकारतात. तंत्र शिकवणारे पुष्कळ भेटतात. कागदांचा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघतात. त्या कागदांपुरतीच ही माहिती.

तंत्र थोडक्यात असे. ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजिनीस हा मातीतला जिवाणू (नवे नाव रायझोबियम रायझोजिनीस, पण लॅबमध्ये जुनेच चालते). पानाला किंवा खोडाला जखम करून तो लावला की त्याच्याकडच्या आरआय प्लाझ्मिडमधला (प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतले डीएनएचे सुटे कडे) टी-डीएनए हा तुकडा झाडाच्या पेशीतल्या जनुकसंचात जाऊन बसतो. हे १९८२ मध्ये दाखवले गेले. त्या तुकड्यातल्या रोल जनुकांमुळे जखमेपाशी केसांसारखी बारीक मुळे फुटतात आणि ती हार्मोन न घातलेल्या माध्यमातही वाढत राहतात. पुढे सेफोटॅक्सिमसारख्या प्रतिजैविकाने जिवाणू मारून मुळे वेगळी करतात. कागदांच्या बाजूने यातली महत्त्वाची गोष्ट एकच: जिवाणूचा डीएनए झाडाच्या पेशीत कायमचा राहतो.

अर्ज हातात घेण्याआधी कोऱ्या कागदावर तीन उत्तरे लिहा. झाड कुठून आणणार? जिवाणूत तुम्ही स्वतः काही जनुक घातले आहे का? आणि तयार मुळांचे पुढे काय करणार? कोणते कार्यालय गाठायचे ते यावरच ठरते. लोक दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि अडकतात पहिल्यावर.

झाड कुठले?

रोपवाटिकेतले किंवा स्वतःच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) लावलेले झाड असेल तर पावती, नाहीतर लागवडीची नोंद जपून ठेवा. पुढे बराच त्रास वाचतो. रान मात्र वेगळे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले, बोंडला ही संरक्षित क्षेत्रे. तिथे संशोधनासाठी शिरायलाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. नमुना तोडणे ही त्यापुढची गोष्ट, ती अर्जात वेगळी आणि स्पष्ट लिहावी: कोणती वनस्पती, कोणता भाग, किती ग्रॅम, कोणत्या महिन्यात. 'काही पाने' असे लिहिलेला अर्ज परत येतो, आणि यायलाच हवा. कायद्याच्या अनुसूचीत नाव असलेली वनस्पती रानातून, मग ते अभयारण्याबाहेरचे असले तरी, परवानगीशिवाय तोडता येत नाही.

कॅम्प्टोथेसिन या औषधी द्रव्यामुळे नरक्या या झाडाला (काही जण त्याला अमृताही म्हणतात) पश्चिम घाटात फार ओरबाडले गेले आहे. कर्करोगावरच्या टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन या औषधांचा धागा याच द्रव्याशी जातो. अशा झाडासाठी अर्ज करणार असाल तर रानातल्या झाडाऐवजी बियांपासून वाढवलेली रोपे वापरायची तयारी दाखवा. लॅबलाही तेच सोयीचे, कारण कोवळ्या, निर्जंतुक रोपावर जिवाणू चांगला लागतो आणि रानातल्या पानावरच्या बुरशीशी झगडावे लागत नाही.

यानंतर जैविक विविधता कायदा, २००२. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, आणि २०२४ चे नवे नियमही आले आहेत. जुन्या पीडीएफवरून अर्ज भरू नका. भारतीय नागरिक निव्वळ अभ्यासासाठी काम करत असेल तर या कायद्याखाली परवानगी लागत नाही. व्यापारी वापर असेल तर गोवा राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते, आणि मंडळ ज्या गावातले साधन आहे तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मत घेते. वैद्य, स्थानिक लोक आणि लागवडीतल्या औषधी वनस्पती यांना सवलती आहेत. लागवडीची नोंद ठेवा म्हटले ते त्यासाठीच.

आता खास गोव्याची अडचण. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोंयकार ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड) इथे राहतो, घर इथले, कुळागर इथले, पण या कायद्याच्या दृष्टीने तो भारतीय नागरिक नाही. आयकर कायद्यानुसार अनिवासी ठरणारा भारतीय, म्हणजे आखातात नोकरी करणारा आपला भाऊच, त्यालाही वेगळा नियम. परदेशी नियंत्रणातल्या कंपनीचेही तेच. या सगळ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, साधे संशोधन असले तरी. भागीदारीत असा कोणी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. उल्लंघनाचा दंड १ लाखापासून ५० लाख रुपयांपर्यंत आहे. मुळांची पूड तपासायला परदेशी लॅबला पाठवायची असेल, तरी पार्सल बांधण्याआधी प्राधिकरणाला विचारा.

लॅब आणि जिवाणू

इथे १९८९ चे नियम लागतात, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यांनुसार जनुकीय बदलाचे काम करणाऱ्या संस्थेत संस्थात्मक जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, असावी लागते. संस्थाप्रमुख अध्यक्ष, सोबत शास्त्रज्ञ, एक वैद्यकीय पात्रतेचा सदस्य आणि केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी. नोंदणी विभागाच्या जैवसुरक्षा पोर्टलवर ऑनलाइन होते. सदस्यांचे बायोडेटा आणि संमतिपत्रे, संस्थेच्या नोंदणीचा दाखला, लॅबचा आराखडा, उपकरणांची यादी हे आधीच स्कॅन करून ठेवा. घरच्या खोलीत एकट्याने हे काम करता येत नाही. ज्याच्यामागे संस्था नाही, त्याने आयबीएससी असलेल्या संस्थेतल्या संशोधकाशी हातमिळवणी करावी आणि प्रकल्प तिथेच चालवावा.

२०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रयोगांचे तीन वर्ग आहेत. पहिल्यात समितीला कळवणे पुरते, दुसऱ्यात तिची आधी मंजुरी लागते, तिसऱ्यात समितीनंतर जनुकीय बदलाचे प्रयोग तपासणाऱ्या दिल्लीच्या आरसीजीएम समितीचीही. जिवाणूत बाहेरचे जनुक घालून तो वापरणार असाल तर आपला वर्ग कोणता हे तत्त्वांशी ताडून अर्जातच लिहा.

खरा वाद होतो तो निसर्गात सापडलेल्या, काहीही न घातलेल्या स्ट्रेनबद्दल, म्हणजे जिवाणूच्या वाणाबद्दल. 'आम्ही कुठे जनुक घातले, जिवाणूनेच घातले' असे म्हणायचा मोह होतो. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. २०१५ मध्ये संशोधकांना खुद्द लागवडीतल्या रताळ्याच्या जनुकसंचात ॲग्रोबॅक्टेरियमचा डीएनए सापडला. म्हणजे उपासाला आपण निसर्गाने जनुक बदललेले कंदच खातो. तरी माझे मत असे की हा निवाडा अर्जदाराने स्वतः करू नये. स्ट्रेनचे नाव आणि स्रोत लिहून प्रस्ताव समितीपुढे ठेवा, निर्णय इतिवृत्तात येऊ द्या, त्याची प्रत फायलीत लावा. दोन वर्षांनी शोधनिबंध किंवा पेटंटच्या वेळी तोच कागद मागतात.

स्ट्रेन मित्राच्या लॅबमधून टोपीखाली आणू नये, हे सांगायला नको. चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून तो संस्थेच्या लेटरहेडवर मागवता येतो, आणि येणाऱ्या क्रमांकासह सगळे कागद टिकवावेत. परदेशातून मागवायचा तर वनस्पती संगरोध आदेश, २००३ खाली आयात परवाना आधी.

प्रस्तावात समिती बारकाईने बघते ती दोन ठिकाणे. जिवाणू पूर्ण गेला हे कसे दाखवणार? 'प्रतिजैविक वापरू' एवढे पुरत नाही. मुळांत रोल जनुक आहे पण जिवाणूचे व्हीआयआर जनुक (जे जिवाणूतच राहते, झाडात जात नाही) नाही, असे पीसीआरने, म्हणजे डीएनए ओळखण्याच्या चाचणीने, दाखवू, हे लिहा. आणि कचरा: वापरलेले माध्यम, मेलेली मुळे, प्लेटा १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) मगच बाहेर, आणि त्याची वही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कितीदा जाते हे ठाऊक असलेल्या सदस्याने जनरेटरबद्दल विचारले तर चिडू नका.

विक्रीपर्यंत जायचे असेल तर जीईएसी (जनुक बदललेल्या गोष्टी बाहेर आणायला मंजुरी देणारी केंद्राची समिती) आणि औषध परवाना हे वेगळेच प्रकरण आहे. प्रयोग यशस्वी झाल्यावर त्याकडे वळावे. पेटंटसाठी अर्ज करणाऱ्या भारतीयाने ते मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते.

एक शेवटचे. काही मुळांना आपोआप कोंब फुटतात आणि सुरकुतलेल्या पानांचे, ठेंगणे, दिसायला गोड रोप तयार होते. ते कुंडीत लावून लॅबच्या व्हरांड्यात ठेवायची हौस अनेकांना होते. फ्लास्कमधल्या मुळांना मिळालेली मंजुरी त्या रोपाला लागू नाही. ते मातीत न्यायचे तर समितीकडे नवा प्रस्ताव, नाहीतर ऑटोक्लेव्ह.