डंपमधले मँगनीज: कमी टक्क्यांचे खनिज बाजाराच्या प्रतीला आणण्याची पार्श्वभूमी

नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या पट्ट्यात मँगनीजचा धंदा 1896 मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून सुरू झाला. माल निर्यातीचा होता. भाव टनामागे मँगनीजच्या दर टक्क्याला, म्हणजे ‘युनिट’ला ठरे, रेल्वेचे भाडे मात्र टनावर. 35 टक्क्यांचा दगड मुंबईला न्यायला 50 टक्क्यांच्या दगडाइतकेच पैसे पडत. साहजिकच चांगला बोल्डर (मोठा दगड) वॅगनमध्ये गेला आणि बाकीचे डंपवर, म्हणजे खाणीजवळच्या टाकाऊ मालाच्या ढिगावर.

त्या काळचे शुद्धीकरण म्हणजे हातोडा, टोपली आणि नजर. पांढऱ्या गारेची (क्वार्ट्झ) शीर ठळक असेल तर ती फोडून वेगळी करता येते. कणच बारीक गुंतलेले असतील तर हातनिवडीचा उपयोग नाही.

ते इथे का गुंततात, हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एल. एल. फर्मर यांच्या कामातून उलगडले. या पट्ट्यातल्या गार आणि स्पेसार्टाइट (मँगनीजयुक्त गार्नेट) यांच्या खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ नाव दिले. मुख्य धातुक (ज्यातून धातू काढतात ते खनिज) ब्राउनाइटची घनता सुमारे 4.75, गारेची 2.65, स्पेसार्टाइटची 4.2. पाण्यातल्या जिगमध्ये (पाणी वरखाली हलवून जड-हलके कण वेगळे करणारे यंत्र) कण वेगळे होतील का, हे पाहायला दोन्ही घनतांतून 1 वजा करून भागाकार घेतात. ब्राउनाइट-गार : 3.75 भागिले 1.65, म्हणजे 2.27, काम सोपे. ब्राउनाइट-गार्नेट : 3.75 भागिले 3.2, म्हणजे 1.17. हा आकडा 1.25 च्या खाली गेला की जिगचा नाद सोडावा. चुंबकाने गार वेगळी निघते, कारण ती चुंबकाला दाद देत नाही. पण गार्नेटही ब्राउनाइटसारखेच मंद ओढले जाते. म्हणून एकाच यंत्रावर एका खाणीचा माल सुधारतो, शेजारच्याचा नाही.

दुसरी अडचण ब्राउनाइटच्याच पोटात आहे. निव्वळ ब्राउनाइटमध्ये सुमारे 64 टक्के मँगनीज आणि 10 टक्के सिलिका (गारेतलेच द्रव्य) असते. ही सिलिका स्फटिकाच्या रचनेतच बांधलेली, त्यामुळे कितीही दळा, निघत नाही. उलट जास्त दळले तर पायरोल्युसाइटसारखी मऊ मँगनीज खनिजे गाळात वाहून जातात आणि टेलिंग्समध्ये (शुद्धीकरणानंतर उरलेल्या टाकाऊ भागात) माल हरवतो.

लोह कमी करायला वेगळा उपाय आहे. उच्च प्रतीच्या फेरोमँगनीजला (पोलादासाठीचा मँगनीज-लोहाचा मिश्रधातू) साधारण 7:1 चे मँगनीज-लोह प्रमाण लागते. लोह हेमेटाइट या ऑक्साइडच्या रूपात असेल तर माल कोळशासोबत 550–600 अंश सेल्सिअसला भाजतात. हेमेटाइटचे मॅग्नेटाइट हे चुंबकीय ऑक्साइड होते आणि कमी तीव्रतेचा चुंबक ते उचलतो. ताप जास्त झाला किंवा क्षपण (ऑक्सिजन काढून घेणे) पुढे गेले तर वुस्टाइट हे आणखी कमी ऑक्सिजनचे ऑक्साइड बनते, ते चुंबकाला फारसे चिकटत नाही. भाजणीतला बहुतेक गोंधळ इथेच होतो.

अशुद्धींत फॉस्फरस सगळ्यांत चिवट. भट्टीत तो जवळपास सगळा धातूत उतरतो. टनभर फेरोमँगनीजला सव्वादोन टन खनिज लागले आणि त्यात 0.2 टक्के फॉस्फरस असला, तर मिश्रधातूत 0.4 टक्क्यांच्या वर जातो, कोकचा वेगळा. तो ॲपाटाइट या फॉस्फेट खनिजाच्या सुट्या कणांत असेल तर तरंगण प्रक्रियेने (हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून कण वर आणणे) निघू शकतो, ऑक्साइडमध्ये मुरलेला असेल तर कमी फॉस्फरसच्या मालात मिसळण्यावाचून गत्यंतर नाही.

1962 मध्ये जुन्या ब्रिटिश कंपनीच्या खाणी सरकारी भागीदारीत आल्या आणि आजच्या ‘मॉईल’ या सरकारी मँगनीज कंपनीची सुरुवात झाली. पुढे देशातच भट्ट्या वाढल्या आणि सिलिकोमँगनीज या सिलिकॉनयुक्त मिश्रधातूची मागणी आली. तिथे सिलिका दोष नाही, गरजच आहे. त्यामुळे डंपमधला पुष्कळसा कमी टक्क्यांचा माल आणि फेरोमँगनीजच्या भट्टीतला मँगनीजयुक्त स्लॅग (धातूवर तरंगणारी मळी), दोन्ही खपू लागले. आज भारतीय खाण ब्युरोच्या निकषांत 10 टक्के मँगनीज ही माल खनिज म्हणून धरण्याची किमान मर्यादा आहे.

जुना डंप उपसताना म्हणूनच एकाच सरासरी नमुन्यावर विसंबू नये. चाळून प्रत्येक आकाराचा वेगळा रासायनिक तपास करावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण कुठल्या आकाराला सुटे होतात ते पाहावे. जिग, चुंबक की नुसते मिश्रण, हे त्यावर ठरते.