इंडियाना विद्यापीठातील मध्य युरेशिया अध्ययन केंद्र

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठामध्ये हंगेरी, फिनलंड व एस्टोनियापासून मंगोलिया व तिबेटपर्यंतच्या प्रदेशातील भाषा, इतिहास आणि संस्कृती यांचे अध्ययन करणारी परंपरा. मध्य युरेशिया अध्ययन विभाग, त्याच्याशी संलग्न राष्ट्रीय संसाधन केंद्र, सिनोर संशोधन संस्था आणि मध्य आशियाई भाषांची पाठ्यपुस्तके तयार करणारे केंद्र ही तिची प्रमुख अंगे होत.

या अध्ययनाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून झाला. सैनिकांना परकीय भाषा शिकविण्याच्या लष्करी कार्यक्रमात 1943 पासून या विद्यापीठाने भाग घेतला आणि त्यातून येथे फिनिश, हंगेरियन, तुर्की अशा भाषांचे अध्यापन सुरू झाले. 1957 मध्ये सोव्हिएत संघाने स्पुट्निक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिकेत जी अस्वस्थता पसरली, तिच्यामुळे 1958 मध्ये परकीय भाषांच्या अध्यापनालाही अनुदान देणारा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला. त्याखालील अनुदानावर 1962 मध्ये येथे उरालिक (फिनिश, हंगेरियन इ.) व अल्ताइक (तुर्की, मंगोल इ.) भाषांचे केंद्र स्थापन झाले आणि 1965 मध्ये स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला.

या केंद्राला विद्वत्तेचे अधिष्ठान मिळाले ते डेनिस सिनोर (1916–2011) यांच्यामुळे. हंगेरियन कुळातील सिनोर यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच प्राच्यविद्यापंडित पॉल पेलियो यांच्या हाताखाली अध्ययन केले आणि केंब्रिजमध्ये अध्यापन करून 1962 मध्ये ते इंडियानात आले. हूण, प्राचीन तुर्क व मंगोल यांच्याविषयीची बहुतेक माहिती चिनी, फारसी, लॅटिन अशा शेजाऱ्यांच्या, पुष्कळदा शत्रूंच्या, लिखाणातून येते; त्यामुळे स्तेपीचा, म्हणजे मध्य युरेशियातील विस्तीर्ण गवताळ प्रदेशाचा, इतिहास लिहिणाऱ्याला अनेक भाषांतील मूळ साधने स्वतः वाचता आली पाहिजेत. भाषाज्ञानाला असे अग्रस्थान देणे हेच या केंद्राचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य मानावे लागेल. तुर्की, मंगोल व तुंगुस (सायबीरिया व मांचुरियातील) भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या, हे अल्ताइक गृहीतक आज बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांना मान्य नाही. तथापि त्या भाषांचे एकत्र अध्ययन त्यामुळे निरर्थक ठरत नाही, कारण शतकानुशतकांच्या सान्निध्याने त्यांनी परस्परांकडून पुष्कळ काही घेतले आहे.

मायभूमीपासून दुरावलेल्या विद्वानांचाही येथील अध्यापनात मोठा वाटा आहे. मंगोल पंडित गोम्बोजाब हांगिन यांनी येथे मंगोल भाषेचे अध्यापन केले व कोशकार्य केले. दलाई लामांचे ज्येष्ठ बंधू टक्त्सेर रिंपोचे, म्हणजेच थुबतेन जिग्मे नोर्बू, यांनी अनेक वर्षे तिबेटी भाषा व संस्कृती हे विषय शिकविले आणि 1979 मध्ये ब्लूमिंग्टन येथे तिबेटी सांस्कृतिक केंद्र स्थापन केले. मूळ संस्कृत पाठ नष्ट झालेले कित्येक बौद्ध ग्रंथ केवळ तिबेटी अनुवादांत टिकून राहिले असल्याने या भाषेच्या अध्ययनाचे महत्त्व भारतीय अभ्यासकांनाही सहज पटण्यासारखे आहे.

1991 मध्ये सोव्हिएत संघ विघटित होऊन मध्य आशियातील पाच प्रजासत्ताके स्वतंत्र झाली आणि 1993 मध्ये विभागाला सध्याचे नाव मिळाले. उझबेक, कझाक, ताजिक, तुर्कमेन यांसारख्या भाषांची इंग्रजी जाणणाऱ्यांसाठीची पाठ्यपुस्तके तेव्हा फार थोडी होती. त्यात लिप्यांची अडचण मोठी होती. उझबेकिस्तानने रशियन लिपीकडून रोमन लिपीकडे वळण्याचा निर्णय घेतला, तर अफगाणिस्तानातील उझबेक अरबी वळणाच्या लिपीतच लिहीत राहिले. कझाक भाषा कझाकस्तानात एका लिपीत आणि चीनमधील शिंच्यांग या स्वायत्त प्रदेशात दुसऱ्या लिपीत लिहिली जाते. पाठ्यपुस्तकांची ही उणीव भरून काढण्यासाठी 2002 मध्ये मध्य आशियाई भाषांचे केंद्र स्थापन झाले आणि अफगाणिस्तानातील पश्तो व दरी आणि शिंच्यांगमधील उइगुर या भाषांसाठीही तेथे पाठ्यसाहित्य तयार होऊ लागले.

अशा भाषांच्या वर्गांत विद्यार्थी मोजकेच असतात आणि केवळ शुल्कावर ते चालू शकत नाहीत. त्यामुळे शासकीय अनुदान व शिष्यवृत्त्या यांवर केंद्राची मोठी भिस्त राहिली आहे. पटसंख्येवरून या वर्गांचे मोल ठरविणे योग्य नाही, कारण एखाद्या भाषेचे अध्यापन एकदा खंडित झाले की तिचे शिक्षक, पाठ्यपुस्तके आणि हस्तलिखिते वाचू शकणारे अभ्यासक पुन्हा घडवायला एक पिढी खर्ची पडते.