'लाइफटाइम'चा घोळ: सांगलीतल्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर आम्ही एकदा विकत घेतलंय, मग दरवर्षी पैसे कसले मागता, हा सांगलीच्या मार्केट यार्डात सध्या ऐकू येणारा वाद आत्ताचा नाय. याची मुळं बरीच मागं आहेत, आणि मी स्वतः काही वर्षं गावातल्या अशाच एका कंपनीत सपोर्टला होतो, त्यामुळे मला ज्या बाजूनं दिसलं त्या बाजूनं लिहितोय.

सुरुवातीचा काळ पटकन सांगतो. यार्डातल्या अडत पेढ्यांना पट्टी काढायला, म्हणजे वजन, दर, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात द्यायचा कागद काढायला, तयार अकाउंटिंग पॅकेज पुरत नव्हतं. मग गावातल्याच कोणीतरी फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्राम लिहायचा आणि एका पेढीचं बघून शेजारची पेढी घ्यायची. मालक तोच, प्रोग्रामर तोच, आणि गाडीवर जाऊन लाइट गेल्यावर उडालेला इंडेक्स, म्हणजे डेटा शोधायची यादी, परत बांधून देणारा पण तोच. 2005 ला व्हॅट आला तेव्हा चार रकाने वाढले, बाकी फार काय बदललं नाय. फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाय हे तिकडं अमेरिकेत 2007 मध्येच जाहीर झालं होतं, उरलासुरला सपोर्ट जानेवारी 2015 ला संपला. इकडं त्याची बातमी कोणी मनावर घेतली नाय कारण पट्टी तर निघत होती.

आता मुख्य घोळ, 'लाइफटाइम' हा शब्द. विकताना पावतीवर लिहायचं 'लाइफटाइम लायसन', आणि वेगळं एएमसी, म्हणजे देखभालीचे दरवर्षीचे पैसे. व्यापाऱ्याच्या डोक्यात लाइफटाइम म्हणजे मी गादीवर बसतोय तोवर, जमलंच तर पोरगा बसेल तोवर. कंपनीच्या डोक्यात लाइफटाइम म्हणजे हे व्हर्जन आहे तोवर. आणि खरं बघितलं तर ते लाइफटाइम असायचं त्या कॉम्प्युटरचं, कारण चोरी होऊ नये म्हणून प्रिंटरच्या पोर्टला एक लॉक लावलेलं असायचं. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नाय, वर विंडोज 64 बिटचं, त्यात डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा, जुना प्रोग्राम उघडतच नाय. आम्ही डॉसबॉक्स, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून तो उघडून द्यायचो तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला प्रिंट जायची नाय, आणि समोर शेतकरी पट्टीसाठी उभा. एएमसीचा अर्थ पण दोघांचा वेगळा होता, व्यापाऱ्याला वाटायचं फोन केला की पोरगा येतो त्याचे हे पैसे, आणि कंपनी त्याच पैशातून नवीन कायद्याचे बदल पण करून द्यायची, फुकट म्हणून. ते फुकट म्हणणंच नडलं असं माझं मत. मी पण विकताना लाइफटाइम म्हणालोय, खोटं का सांगू.

मग 1 जुलै 2017 ला जीएसटी. ओली हळद माफ आणि वाळवलेली 5 टक्के, म्हणजे एकाच पिकाला दोन वागणुका, आणि जुन्या प्रोग्राममध्ये मालाला एकच कर चिकटवलेला. इथं प्रत्येक मालकापुढं एकच प्रश्न होता: जुन्यालाच ठिगळ लावायचं की सगळं पहिल्यापासून लिहायचं? बाहेरून हे सोपं वाटतं, पण पंधरा-वीस वर्षं स्वतःच्या हातानं लिहिलेलं टाकून द्यायचा निर्णय त्याच माणसानं घ्यायचा असतो, त्याला विचारणारं वर कोणी नसतं आणि खालच्या पोरांची बोलायची हिंमत नसते. बहुतेकांनी ठिगळ लावलं. त्यांना मूर्ख म्हणणारे आता बरेच भेटतात, पण तेव्हाचं चित्र बघा: ज्यांनी घाईनं जीएसटीआर-2 चे, म्हणजे खरेदीच्या रिटर्नचे, स्क्रीन बनवले त्यांचं ते काम नोव्हेंबर 2017 मध्ये तो रिटर्नच स्थगित झाल्यावर वाया गेलं. ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवरून काढायचा कागद, 1 फेब्रुवारी 2018 ला सुरू होऊन त्याच दिवशी पोर्टल बसलं आणि तारीख एप्रिलवर गेली. अशात थांबून बघणारा चुकला असं मी तरी म्हणणार नाय.

चुकलं ते नंतर. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरू झालं तेव्हा सगळे हसले, सांगलीत हे कोणाला लागणार म्हणून. मर्यादा उतरत उतरत एप्रिल 2022 ला 20 कोटी, त्याच ऑक्टोबरात 10 आणि ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली, आणि 5 कोटी म्हणजे हळद-बेदाण्यातली मधली पेढी. बिल सरकारी पोर्टलला पाठवून क्यूआर कोड परत आणायचा आणि तो छापायचा, हे जुन्या फॉक्सप्रोच्या अंगात बसणारं काम नव्हतं. दोन-तीन वर्षं हातात होती, ती गेली.

मधे 2019 चा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर, इशारा कसला, धोक्याचीच पातळी 45 ची. गणपती पेठेत पाणी ओसरल्यावर एका दुकानात गेलो तर सीपीयूतून चिखल निघाला, आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, रबर बँड लावून, तारखेची चिठ्ठी गुंडाळून. शिस्तीत घेतलेला बॅकअप होता हो. क्लाउड, म्हणजे डेटा इंटरनेटवरून दुसरीकडच्या सर्व्हरवर ठेवायची सोय, विकायला आलेल्यांनी आधी कितीही प्रेझेंटेशनं दिली असतील, पटलं ते त्या आठवड्यात.

पण क्लाउड आलं की भाडं आलं, सर्व्हरचं बिल कंपनीला दर महिन्याला येतं ते एकदाच घेतलेल्या पैशातून किती वर्षं भरणार. म्हणून वार्षिक फी. जुन्या लाइफटाइमवाल्यांना काही कंपन्यांनी पहिलं वर्ष अर्ध्या दरात दिलं, काहींनी सरळ मेसेज टाकला की 31 मार्चनंतर जुनं बंद. दुसऱ्या प्रकारात व्यापारी फी न भरता थांबले, कोणी पुण्याच्या कंपनीकडं गेले, कोणी जुना विंडोज 7 वाला कॉम्प्युटर जपून पट्टीपुरता ठेवला आणि जीएसटीचं सगळं सीएकडं ढकललं.

सध्या अडलंय ते डेटावर. फी थांबली तर मागच्या वर्षांची खाती उघडायची की नाय, यावर काही कंपन्या बघण्यापुरतं उघडं ठेवतात आणि काही लॉगिनच बंद करतात, आणि जुन्या पावतीवर याबद्दल एक ओळ लिहिलेली नाय.