पार्श्वभूमी : सोनेगावची मध्यरात्र ते मुंबईचा दीड तास

३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री टपाल घेऊन विमानं निघू लागली. मध्यरात्रीच्या सुमारास ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत. प्रवासीही नेत. पुढे १ एप्रिल १९४९ पासून जादा हवाई शुल्क न घेता साधी पत्रंही विमानाने जाऊ लागली.

नागपूरच का? विचारलं की आपण नागपूरकर देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या झिरो माइलच्या खांबाकडे बोट दाखवतो. पण खरं कारण विमानाच्या वेगात होतं. सोनेगावहून सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९०५ आणि कोलकाता ९८०. डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडे. म्हणजे मुंबई अडीच तास, कोलकाता साडेतीन ते चार. जाऊन-येऊन एका रात्रीत बसेल असं चौघांना सोयीचं ठिकाण दुसरं कुठलं होतं? काम जोखमीचं होतं. डिसेंबर १९५३ मध्ये मद्रासकडे निघालेलं डाकोटा सोनेगावहून उडताच कोसळलं. तरी ही सेवा १९७३ पर्यंत टिकली.

१९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल ही जेट विमानं आली, नंतर बोइंग ७३७. दिल्लीहून थेट मद्रास गाठता येऊ लागल्यावर मधे थांबायचं कशाला? माझ्या मते नागपूरच्या ‘मध्यवर्ती’पणाची किंमत उतरायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. आजही कितीतरी विमानं आपल्या डोक्यावरून जातात, नागपूरच्या हवाई नियंत्रणाशी बोलतात आणि पुढे निघतात.

आता मुंबईचा हिशेब. जेट ताशी ८३० किलोमीटरने उडतं असं धरलं, तर ६८५ किलोमीटरला पन्नास मिनिटं लागावीत. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपासची वेळ दिसते. कारण तिथली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं टॅक्सी करणं, चढणं, उतरणं, रांग, सगळं त्यात येतं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमान आकाशात घिरट्या घालतं. अंतराला वेगाने भागून उड्डाणाची वेळ सांगणारे तक्ते म्हणूनच फसवे. नाशिकचंच बघा. तिथलं ओझर विमानतळ नागपूरहून सुमारे ५४५ किलोमीटर. तिथे एटीआर हे पंख्याचं छोटं विमान आणि जेट यांच्या हवेतल्या वेळेत फरक पडतो तो जेमतेम अर्ध्या तासाचा.

मुंबईचं अंतर विदर्भाला केवळ किलोमीटरमध्ये कधीच मोजता आलं नाही. १९५६ पर्यंत तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी इथेच होती; १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात घेण्याचं ठरलं, ते मंत्रालय लांब पडेल म्हणूनच. रेल्वेने मुंबई ८३७ किलोमीटर. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, म्हणजे विमानाच्या सरळ रेषेच्या अगदी जवळ. फक्त तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, आणि पुढची मुंबई ज्याची त्याने गाठायची.