पाणवनस्पती ओळखायची तर आधी पेर बघा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात बारीक पानांची कुठलीही वनस्पती 'हायड्रिला' नाहीतर 'कबोम्बा' म्हणून खपते. तळ्यात आपोआप उगवलेली असली की तिचं सरसकट 'शेवाळ' होतं. टँकमध्ये नाव चुकलं तर फार तर रोप मरतं. तळ्यात मात्र चुकीचं रोप एक-दोन पावसाळ्यांत सगळं पाणी झाकून टाकू शकतं. त्यामुळे ओळख पटेपर्यंत ते वेगळ्या टबातच ठेवावं.

पाणवनस्पती ओळखताना पानाचा आकार हा सर्वांत कच्चा पुरावा. हायग्रोफिला डिफॉर्मिस, म्हणजे दुकानातली 'वॉटर विस्टेरिया', पाण्याबाहेर वाढली की साधी, दातेरी कडेची पानं काढते आणि बुडवली की तिचीच पानं खोलवर चिरलेली येतात. रोपवाटिकेत बरीच रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. टँकमध्ये आल्यावर ती जुनी पानं कुजतात आणि नवी वेगळीच फुटतात. मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅप्स इथेच फसतात. तीन-चार आठवडे थांबून पाण्यात फुटलेली पानं पाहावीत. तेवढ्यात नवं पान आलंच नाही आणि देठ मऊ पडला, तर ती मुळात पाणवनस्पतीच नसण्याची शक्यता जास्त. लकी बांबू आणि जांभळ्या पानांची हेमिग्राफिस बिनदिक्कत टँकसाठी विकली जातात.

फांदीवरचा चिखल धुऊन ती पांढऱ्या ताटलीत दोन सेंटिमीटर पाण्यात पसरा. बाजूला पट्टी आणि हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग. पाण्याबाहेर काढली की पानं एकमेकांना चिकटतात आणि काहीच कळत नाही, म्हणून पाणी हवंच. मग पेराशी, म्हणजे देठावर पानं फुटतात त्या जागी, पानं कशी बसली आहेत ते पाहा: एकाआड एक, समोरासमोर की गोल कड्यात?

कडं असेल तर मोजा. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रकाशसंश्लेषणाचे बुडबुडे दाखवणाऱ्या हायड्रिलाच्या कड्यात तीन ते आठ, बहुधा पाचच्या आसपास पानं असतात आणि ती एक-दोन सेंटिमीटर लांब असतात. दक्षिण अमेरिकेतल्या एगेरिया डेन्साच्या कड्यात बहुधा चार, आणि पानं दोन-तीन सेंटिमीटरची. एलोडिआच्या कड्यात तीन. पण खालच्या, जुन्या पेरांवर हायड्रिलाचीही दोन-तीनच पानं असतात, म्हणून फांदीच्या मधली पाच कडी मोजावीत. तरीही शंका उरली तर पान उलटं करा. हायड्रिलाच्या मधल्या शिरेवर खालून बारीक काटेरी उंचवटे असतात, कडेचे दाते नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि फांदी दोन बोटांतून ओढली तर खरखरते. एगेरियाचे दाते पाहायला भिंग लागतं आणि स्पर्श गुळगुळीत असतो. शेवटचा पुरावा चिखलात सापडतो: हायड्रिलाला वाटाण्याएवढे कंद धरतात, एगेरिया आणि एलोडिआला धरत नाहीत. वरवर उपटलेली हायड्रिला पुन्हा उगवते ती या कंदांमुळेच.

पानं तंतूंसारखी चिरलेली असतील तर चिरण्याची रीत पाहा. समोरासमोर, स्वतंत्र देठ असलेली, पंख्यासारखी पसरलेली पानं कबोम्बाची. एक मधली शीर आणि दोन्ही बाजूंना तंतू, हे मायरिओफिलम. कड्यातलं पान एक-दोनदा इंग्रजी वायसारखं दुभंगलेलं, कडेला दाते आणि मूळ अजिबात नाही, तर सेराटोफिलम. तंतूंवर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पिशव्या लटकत असतील तर ती युट्रिक्युलारिया. त्या पिशव्या पाणपिसवा पकडण्यासाठी असतात. आणि हातात कुरकुरीत, मोडकी, उग्र लसणीसारख्या वासाची गोष्ट आली तर ती वनस्पती समजूच नये. कारा हे शेवाळ आहे, आणि त्यावरचा खरखरीत थर चुन्याचा असतो.

तरंगणाऱ्या बारीक चकत्यांची मुळं मोजावीत. लेम्नाला एका चकतीमागे एक मूळ, स्पायरोडेलाला झुबका आणि खालची बाजू बहुधा जांभळट, वुल्फियाला मूळच नाही.

साल्विनियाचं मात्र इतक्यात आटपत नाही. तिची पानं तीन-तीनच्या गटात येतात. दोन तरंगतात आणि तिसरं चिरून पाण्यात लोंबतं, तेच आपल्याला मुळांसारखं दिसतं. साल्विनिया मोलेस्टाच्या तरंगत्या पानावरच्या प्रत्येक उंचवट्यावर चार केस असतात आणि त्यांची टोकं जुळून अंडी फेटायच्या फेटणीसारखा पिंजरा होतो. तळ्यांना ग्रासणाऱ्या या वनस्पतीला कित्येक वर्षं साल्विनिया ऑरिक्युलाटा समजत, कारण पिंजरा तिच्याही केसांना असतो. 1972 मध्ये डी. एस. मिचेल यांनी मोलेस्टा ही वेगळी जात म्हणून नोंदली. तोवर नियंत्रणासाठी त्रिनिदादमध्ये ऑरिक्युलाटावरून गोळा केलेले कीटक वापरले जात होते, आणि त्यांचा फारसा उपयोग होत नव्हता. मोलेस्टाचं मूळ ठिकाण आग्नेय ब्राझीलमध्ये सापडल्यावर तिथला सोंडेचा भुंगेरा 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूंडारा तलावावर सोडला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथलं मोलेस्टाचं आवरण खचलं. गंमत म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरच्या या भुंगेऱ्याचीही ओळख आधी चुकलेली होती. सिर्टोबेगस साल्विनी ही निराळी जात म्हणून त्याची नोंद 1985 मध्ये झाली. भारतात तो 1983-84 च्या सुमारास आधी बंगळुरूच्या एका तळ्यावर आणि मग केरळात वापरला गेला.

काही वनस्पती पानावरून ओळखूच येत नाहीत. क्रिप्टोकोरिनच्या जाती ठरवायला फुलोरा लागतो. कासच्या पठारावरचा वायतुरा, म्हणजे अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, फुलोऱ्याच्या दोन फांट्यांवरून ओळखतात. तळ्यातल्या गोल पानांचं कोडं त्या मानानं सोपं. पान पाण्याच्या वर उभं, देठ मध्यभागी आणि चीर नाही, तर कमळ. पान तरंगतं आणि देठापर्यंत चीर गेलेली, तर कुमुदिनी. पान तसंच, पण फुलं पानाच्या अगदी खालून, त्याच देठावरून निघालेली, तर निम्फॉइडिस.

जात पक्की करायची असेल तर नमुना नीट तयार करावा. जाड कागद पाण्यात बुडवा, फांदी त्यावर तरंगत पसरू द्या आणि कागद तिरका करून हळूच उचला. वर मलमलचा तुकडा ठेवून कागद वर्तमानपत्राच्या घडीत घाला, नाहीतर फांदी वर्तमानपत्राला चिकटून फाटते. घड्या वजनाखाली ठेवा आणि वर्तमानपत्र रोज बदला. एक दिवस राहिलं तरी बुरशी येते. फुलं वेगळी, सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, पाण्याची खोली, पाणी वाहतं की साचलेलं, आणि फुलाचा रंग लिहावा, कारण वाळल्यावर रंग उडतो. पुण्यातल्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात नमुन्यांवरून जात ठरवण्याचं काम चालतं. ताजी फांदी न्यायची असेल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत न्यावी. पाण्याने भरलेल्या पिशवीत ती प्रवासातच कुजते.

ताटलीत उरलेले तुकडे नाल्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नयेत. हायड्रिलाच्या एका पेराच्या तुकड्यापासूनही नवं रोप होतं. ते उन्हात कडकडीत वाळवून मगच फेकावेत.