दोडक्याला बोट दाखवलं तर काय होतं?

पाडव्याच्या आसपास बेळगावात कुणाच्याही परड्यात डोकावलं तर ताटीवर चढलेला दोडक्याचा एखादा तरी वेल दिसतोच. त्याला बोटभर, हिरव्या शिरांचे कोवळे दोडके लटकत असतात. पाहुणी कौतुकाने हात उचलते आणि मागून घरच्या आजी ओरडतात, "बोट दावू नको गं, कुजंल की ती!" कानडी शेजारणीही त्यांच्या हीरेकाईला बोट दाखवू देत नाहीत. इतर किती तरी गोष्टींवर सीमाभागात दोन भाषांचं जमत नाही, पण या एका बाबतीत एकमत आहे.

गंमत म्हणजे आजींचं निरीक्षण खोटं नसतं. ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्यातला बराचसा माल खरंच पिवळा पडतो, सुरकुततो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळून खाली पडतो. पण ज्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही त्यातलाही तेवढाच पडतो. तो मोजायचं कुणाला सुचत नाही, एवढंच.

मुळात पाहुणीने जे बघितलं ते फळ नव्हतंच. दोडका, दुधी, कारलं, काकडी, तांबडा भोपळा या सगळ्या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल साध्या देठावर असतं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली मात्र त्या-त्या फळाची चिमुकली प्रतिकृती असते. दोडक्याला शिरा असलेली, दुधीला लव असलेली, कारल्याला काटेरी. ही प्रतिकृती म्हणजे अंडाशय. फूल उमलायच्या आधीपासून ती तिथे असते, म्हणून आपल्याला वाटतं की फळ धरलं. प्रत्यक्षात फळ धरायचं की नाही हा निर्णय अजून व्हायचा असतो, आणि त्यासाठी त्या फुलाकडे जेमतेम एक संध्याकाळ किंवा एक सकाळ असते.

दोडक्याचं पिवळं फूल दुपार कलली की उमलायला लागतं. दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं आणि त्याच्याकडे रात्री उडणारे पतंग येतात. अंधारात पांढराच रंग दिसणार, म्हणून तो पांढरा. पडवळाची झालरवाली फुलंही संध्याकाळचीच. उलट तांबड्या भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि ऊन चढेपर्यंत मिटायला लागतं. घोसाळं, काकडी, कारलं हीसुद्धा सकाळची मंडळी. त्यांच्याकडे सातेरी आणि फुलोरी मधमाशा येतात, काळे भुंगे येतात. भोपळ्याचा पराग तर पहाटे ताजा असतो आणि नंतर त्याचा जोर ओसरत जातो. म्हणजे रविवारी उशिरा उठून दहा वाजता बागेत येणाऱ्या माणसाला भोपळ्याचं लग्न कधी बघायलाच मिळत नाही.

आता यात आपल्याकडची हवा घाला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे एप्रिलात दिवसा ३५-३६ अंश झाले तरी रात्री बऱ्यापैकी निवतात. अथणी-रायबागकडे ऊन जास्त कडक असतं. वेलवर्गीय भाज्यांना उन्हाळा मानवतो, पण पारा ३५ च्या वर रेंगाळायला लागला की पराग कमजोर होतो. दुसरा शत्रू वळीव. तो नेमका दुपारनंतर, चार ते सातच्या दरम्यान कोसळतो, म्हणजे दोडक्याचं फूल उमलायच्या वेळेला. परागकण कोरडा असताना आटोपशीर असतो. त्याच्या आत साखर आणि क्षार दाटीवाटीने भरलेले असतात. त्यावर पावसाचं पाणी पडलं की परासरणाने, म्हणजे दाट द्रावाकडे पाणी ओढलं जातं त्या क्रियेने, पाणी आत घुसतं आणि कण फुगून फुटतो. पावसात भुंगेही बाहेर पडत नाहीत. वळिवाने झोडपलेल्या संध्याकाळची मादी फुलं दोन-तीन दिवसांनी पिवळी पडलेली दिसली तर नवल नाही. त्या दिवशी कुणी पाहुणी आली असेल तर बिचारीवर नाव येतं.

पराग पोचला तर पुढे काय होतं, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

परागकण मादी फुलाच्या मधोमध असलेल्या चिकट टोकावर, म्हणजे कुक्षीवर, पडतो, तिथला ओलावा बेताने शोषतो आणि त्यातून एक नळी बाहेर येते. ही परागनलिका कुक्षीतून खाली, अंडाशयाच्या आतपर्यंत वाढत जाते. आत बीजांडं ओळीने बसलेली असतात आणि प्रत्येक बीजांडाला स्वतंत्र परागकण लागतो. एका परागकणाने एकच बी तयार होते, सगळं फळ नाही. फलन झालेल्या बीजांडात बी वाढायला लागते आणि ती वाढणारी बी ऑक्सिन नावाचं संप्रेरक सोडते. अंडाशयाच्या भिंतीतल्या पेशींना हा ऑक्सिन मिळाला की त्या विभागायला आणि फुगायला लागतात. मिळाला नाही तर देठापाशी पेशींचा एक थर सैल पडतो आणि वेल ते अंडाशय सोडून देतो. म्हणजे फळ धरण्याचा हुकूम वेल देत नाही, आतली बी देते.

हे कसं कळलं? १९३६ साली अमेरिकेत फेलिक्स गुस्ताफसन यांनी टोमॅटोसारख्या झाडांच्या फुलांना पराग अजिबात मिळू दिला नाही. त्याऐवजी स्त्रीकेसराला (फुलाच्या मादी भागाला) ऑक्सिनच्या जातीची रसायनं मलमासारखी लावली. फळं धरली, आणि ती बिनबियांची होती. १९५० मध्ये निच नावाच्या संशोधकाने स्ट्रॉबेरीवर याहून नेटका प्रयोग केला. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे बारीक दाणे दिसतात त्यांच्यात तिची बी असते. निच यांनी कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे काढून टाकले, तशी तिची वाढ थांबली. थोडेच दाणे ठेवले, तर तेवढ्याच भागापुरती स्ट्रॉबेरी फुगली आणि वेडीवाकडी झाली. सगळे दाणे काढून ऑक्सिन लावलं, तर ती नीट गोल वाढली.

आता आपल्या परड्यातली ती काकडी आठवा, जी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला रोड, वाकडी असते. ती कापून बघा. जाड भागात भरलेल्या बिया सापडतील आणि रोड भागात पोचट. जिथपर्यंत पराग पुरेसा पोचला तिथपर्यंतच काकडी भरली. कधी पाण्याच्या ओढीनेही काकडी वाकडी होते, पण आधी बिया तपासा.

आणि सगळं नीट जमलं तरी काही फळं गळतातच. वेलावर आधी धरलेली दोन-तीन फळं वाढत असतील तर साखरेचा ओघ त्यांच्याकडे जातो आणि मागून आलेल्या मादी फुलांना वेल वाऱ्यावर सोडतो. जून दोडका बियांसाठी म्हणून वेलावर ठेवला की वेलाचं फळणं मंदावतं ते यामुळेच. भाजी हवी असेल तर दोडके कोवळे असतानाच तोडत राहायचे.

नर फूल कोणतं आणि मादी कोणतं व्हायचं, हे ठरतं कसं? कळी अगदी सूक्ष्म असताना तिच्यात पुंकेसर (पराग देणारा नर भाग) आणि स्त्रीकेसर दोन्हींचे अंकुर असतात. मग एक अंकुर थांबतो. हे थांबवण्यात इथिलीन वायूचा हात असतो. केळी पिकवणारा वायू तोच. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव्ह यांना प्रयोगशाळेतल्या दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याचे अंकुर वेडेवाकडे वाढताना दिसले आणि त्यातून या वायूचा झाडांवरचा परिणाम प्रथम लक्षात आला. खरबुजावर काम करणाऱ्या फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ ते २०१५ या काळात या साखळीतली तीन जनुकं शोधली. एसीएस-११ हे जनुक चालू असेल तर ते विप-१ या जनुकाला गप्प करतं. विप-१ गप्प असेल तर स्त्रीकेसर वाढतो. मग एसीएस-७ चालू होऊन पुंकेसराची वाढ अडवतं आणि फूल मादी होतं. एसीएस-११ बंद राहिलं तर विप-१ मोकाट सुटतं, स्त्रीकेसर खुंटतो आणि फूल नर होतं. एसीएस नावाची दोन्ही जनुकं इथिलीन तयार करणाऱ्या एन्झाइमची आहेत, म्हणजे कळीच्या कोणत्या पेशीत आणि कधी इथिलीन बनतं यावर सगळं अवलंबून. लांब दिवस आणि जास्त उष्णता असली की पारडं नर फुलांकडे झुकतं, गारवा आणि लहान दिवस असले की मादी फुलांकडे. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर "नुसतीच पोचट फुलं येतात" अशी तक्रार घराघरात असते. शिवाय वेल आधी नर फुलंच काढतो, मादी फुलं मागाहून येतात. आठवडा-दोन आठवडे थांबायचं असतं.

तेवढं थांबायची तयारी नसलेल्यांसाठी हल्ली व्हिडिओवर 'थ्री-जी कटिंग' नावाचा चमत्कार आला आहे. मुख्य वेलाचा शेंडा खुडा, त्याच्या फांद्यांचे शेंडे खुडा, मग तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलांचा नुसता पाऊस पडतो म्हणे. दुधीत आणि खरबुजात बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात हे खरं आहे आणि शेंडा खुडणं ही बागायतदारांची जुनीच रीत आहे. पण दोडक्याच्या मुख्य वेलावरही मादी फुलं येतात, तिथे दोनदा कात्री चालवून हाती फारसं काही लागत नाही. आणि फुलं शंभर आली म्हणून शंभर दुधी धरत नाहीत. तेवढी साखर करायला पानं लागतात, आणि ती पानंच आपण खुडलेली असतात.

त्यापेक्षा हाताने परागीभवन करा. फुकट आहे आणि हमखास आहे. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा, पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या कुक्षीच्या सगळ्या खाचांवर हलकेच फिरवा. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरलेली बरी. दोडक्याला आणि दुधीला हे संध्याकाळी करायचं, काकडी-भोपळ्याला सकाळी लवकर. वळीव येईलसं वाटत असेल तर मादी फुलावर प्लास्टिकचा लहान कप उलटा घालून ठेवा, सकाळी काढा. पोराबाळांना हाताशी घेऊन एक प्रयोगही करता येईल. दहा मादी फुलांना लाल दोरा, दहांना पांढरा. विसांनाही पराग लावायचा, लाल दोऱ्यावाल्यांकडे रोज मनसोक्त बोट दाखवायचं, आणि आठवड्याने मोजायचं. पाळी आलेल्या बाईने वेलाला शिवलं की वेल जळतो, या त्याहून वाईट समजुतीचीही अशीच परीक्षा घेता येते. घरातल्या बायकांना महिन्यातले चार दिवस परड्याच्या दाराबाहेर उभं करण्यापेक्षा ती घेतलेली केव्हाही चांगली.

बाकीची मशागत थोडक्यात. उसाचं पाचट बेळगाव जिल्ह्यात मिळायला अडचण नाही. त्याचा वीतभर थर बुंध्याभोवती पसरा, पण खोडाला चिकटवू नका. वडगाव-येळ्ळूरकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते, तिथे हे फार उपयोगी पडतं. खानापूरकडच्या तांबड्या मातीत पाणी टिकत नाही, म्हणून शेणखत आणि कंपोस्ट सढळ हाताने घालायचं आणि पाणी थोडं-थोडं पण रोज द्यायचं. नायट्रोजनयुक्त खताचा मारा मात्र टाळा, मग ते शेणाची स्लरी का असेना. वेल हिरवागार होतो, पानं मोठी होतात आणि फुलं रुसतात. सेंद्रिय आहे म्हणून कितीही घातलं तरी चालतं हा एक नवा गैरसमज आहे.

आजींच्या "कुजंल" या शब्दात मात्र तथ्य आहे, कारण काही दोडके गळण्याऐवजी खरोखर कुजतात. त्यामागे असते फळमाशी. मादी माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतून गर खातात आणि फळ एका बाजूने मऊ पडून सडतं. जवळून पाहिलं तर सुईने टोचल्यासारखं छिद्र आणि त्यावर डिंकाचा थेंब दिसतो. फळ धरल्याची खात्री झाली की त्याला कागदी पिशवी घालणं हा सर्वांत सोपा उपाय. गंधसापळा लावायचा तर दुकानात 'क्यू ल्यूर' असा स्पष्ट मागा. आंब्याच्या माशीसाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा दिसायला तसाच असतो, पण वेलावरच्या फळमाशीला त्याचं आकर्षण नाही. या सापळ्यात फक्त नर माशा येतात, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. किडकं फळ कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, कारण अळी मातीत शिरून कोष करते. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार दिवस उन्हात तापवायचं. जपानने ओकिनावा बेटांवरून ही माशी १९९३ पर्यंत संपूर्ण नाहीशी केली, पण त्यासाठी वंध्य केलेल्या नर माशा वर्षानुवर्षं प्रचंड संख्येने सोडाव्या लागल्या. आपल्या परड्यात एवढं जमणार नाही, पण शेजारच्या चार घरांनी किडकी फळं एकाच वेळी गोळा केली तरी फरक पडतो.

संध्याकाळी फुलांच्या मागे धावायला वेळ नसेल तर तोंडली लावा. तिच्या नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, पण आपण ज्या वेलीचा तुकडा आणून रोवतो ती मादी असते आणि परागाशिवायच फळते. पतंग, भुंगा, वळीव, कशाशीच तिचं देणंघेणं नाही. फळमाशी मात्र तिलाही सोडत नाही.